लॅपटॉप पोहोचतो, नंबर इथेच राहतो

आमच्या खाडीपट्ट्यात आखाताला निघालेल्या माणसाची बॅग भरणं हा सगळ्या घराचा कार्यक्रम असतो. सोडे, आमसुलं, घरचा मसाला, खालाने दिलेलं लोणचं, शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलासाठी दिलेली पिशवी, आणि मग वजनकाट्यावर तीनदा चढउतार. गेल्या काही वर्षांत या सामानात एक लॅपटॉपही असतो. आधीच्या पिढीतले बरेच जण ड्रायव्हर, फोरमन, क्रेन ऑपरेटर म्हणून गेले. आता बी.कॉम., डिप्लोमा, इंजिनिअरिंग केलेली मुलं अकाउंटंट किंवा डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून जातात, त्यांची रोजीच लॅपटॉपवर. शिवाय मुलाखत ऑनलाइन, पगार बँकेत, घरी पैसे ऑनलाइन आणि अम्मीचा चेहराही ऑनलाइन.

मी कॉम्प्युटरची शिक्षिका नाही, उर्दू-मराठीची आहे. पण गावात शिक्षिकेकडे सगळ्यांचेच कागद येतात. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचे फोन येतात आणि त्यांच्या अम्मी, भाभीही फोन घेऊन दारात उभ्या राहतात. “मॅडम, हा काय आकडा आलाय, त्याला सांगू का?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की या महिन्याचं सदर त्यालाच द्यावं असं ठरवलं.

तिकडे इंटरनेट मिळत नाही अशी कुणाचीच तक्रार नसते. दुबई, दोहा, रियाधचं इंटरनेट आपल्या गावच्या इंटरनेटपेक्षा वेगवान आहे. लॅपटॉप चालू होतो, वायफाय लागतं, बँकेचं पान उघडतं, पासवर्डही बरोबर असतो. मग पडद्यावर ओळ येते की तुमच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइल नंबर गावच्या घरात, कपाटातल्या डबीत किंवा धाकट्या भावाच्या फोनमध्ये असतो, आणि पुढचं सगळं तिथेच अडतं.

शारजाला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. जाताना त्याने सिम अम्मीकडे ठेवलं. दोन महिने रिचार्ज झाला. मग रमजान आला, घरात आजारपण आलं, आणि तो जुना फोन ड्रॉवरमध्ये गेला. बहिणीच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली तेव्हा नंबर बंद झालेला होता. बँकेतलं खातं त्याच नंबरला, आधार त्याच नंबरला, ईमेलसुद्धा त्याच नंबरला जोडलेला. बँकेने सांगितलं, नंबर बदलायचा तर शाखेत समक्ष या. शारजाहून समक्ष यायचं म्हणजे रजा आणि तिकीट. फी शेवटी मामूंनी उसने देऊन भरली. पैसे खात्यात होते, लॅपटॉप समोर होता आणि खात्याला हात लावता येत नव्हता.

यामागचा नियम माहीत असावा. प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस कॉल, मेसेज, इंटरनेट यांपैकी काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, असा ‘ट्राय’ या सरकारी नियामक संस्थेचा नियम आहे. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते. बंद झालेला नंबर कायम रिकामा राहत नाही. निदान ९० दिवस थांबून तो दुसऱ्या कुणाला देता येतो, हे ‘ट्राय’ने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं आहे. म्हणजे वर्षभराने आपल्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू शकतो.

म्हणून काही घरांत सिम चालू ठेवण्याची जबाबदारी नेमून दिलेली असते. त्यात रिचार्जचा प्रश्न सुटतो, पण दुसरा एक उभा राहतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. मुलगा तिकडून फोन करतो, “अम्मी, आत्ता एक आकडा येईल, वाचून सांग.” अम्मी चष्मा शोधते, आकडे एकेक करून वाचते. आठवड्यातून दोनदा, वर्षभर. ओटीपी कुणाला सांगू नका असं बँक, रेडिओ, सरकार सगळे कानीकपाळी ओरडत असतात, आणि घरात आपण तिला नेमकी उलट सवय लावतो. मग एखाद्या दुपारी अनोळखी नंबरवरून गोड आवाज येतो, “काकी, तुमच्या मुलाच्या ऑफिसातून बोलतोय, त्याचं काम अडलंय, आलेला आकडा जरा सांगा.” ती सांगणारच. यात तिचा भोळेपणा काढू नये. आकडा वाचून दाखवणं म्हणजे मुलाला मदत करणं, हे आपणच तिला शिकवलेलं असतं. असं घडलंच तर क्षणभरही न लाजता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा आणि बँकेलाही कळवायचं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. घरात आधी कुणाला विचारू, कुणाला नको, यात ते तास निघून जातात.

माझं स्पष्ट मत आहे की सिम ज्याचं त्याच्याबरोबरच जावं. आता बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. एका जागी भारताचं, दुसरीकडे तिथलं. निघण्यापूर्वी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यायचं आणि आलेल्या मेसेजला पैसे पडतात का, हे विचारून घ्यायचं. बहुतेक कंपन्यांत पडत नाहीत. भारताच्या सिमचं डेटा रोमिंग मात्र फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं, नाहीतर विमानतळावर उतरेपर्यंतच बिल चढलेलं असतं. त्या नंबरवर कॉल आला तर उचलायचा नाही, कारण रोमिंगमध्ये आलेल्या कॉललाही पैसे लागतात. घरच्यांकडे काम उरतं ते रिचार्जची तारीख लक्षात ठेवण्याचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी ती लिहून ठेवली तरी पुरतं. रिचार्ज इथून कुणालाही करता येतो, त्याला सिम हातात लागत नाही.

दुसरा मार्ग थोडा लांबचा, पण पक्का. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाने इथलं साधं बचत खातं तसंच चालवायचं नसतं. ते एनआरओ करून घ्यावं लागतं, आणि तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं उघडता येतं. बँकेत हे काम करतानाच परदेशी नंबर जोडता येईल का, ते विचारावं. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने अशा खात्यांना परदेशी नंबरवरून यूपीआय वापरायची मुभा दिली. तेव्हाच्या दहा देशांच्या यादीत सौदी अरेबिया, अमिराती, कतार आणि ओमान होते, कुवेत आणि बहरीन नव्हते. प्रत्येक बँक आणि प्रत्येक ॲप ही सोय देतंच असं नाही, म्हणून विचारायचं ते व्हिसा लागल्यावर पहिल्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी बँकेत गर्दी असते आणि घरात पाहुणे.

ईमेलचीही तीच तऱ्हा आहे. गुगलचं खातं नव्या देशातून, नव्या लॅपटॉपवर उघडायला गेलं की गुगलला संशय येतो आणि ते ओळख मागतं. त्यासाठी गुगलनेच एक साधी सोय ठेवली आहे, पण वापरणारे फार थोडे. खात्याच्या सुरक्षा विभागात दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की दहा ‘बॅकअप कोड’ मिळतात. फोन नसला तरी त्यातला एक टाकून आत जाता येतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. हे दहा आकडे कागदावर छापून किंवा हाताने लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावेत. लॅपटॉपमध्येच ठेवले तर काय उपयोग! डिजिलॉकरमधली प्रमाणपत्रंही तशीच. तिथे शिरायला बऱ्याचदा आधारच्या नंबरवरचा ओटीपी लागतो. तेव्हा पदवी, अटेस्टेशन केलेले कागद, अनुभवाचे दाखले, पासपोर्ट यांच्या प्रती आधीच उतरवून लॅपटॉपमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. इंटरनेट नसतानाही उघडतील अशा.

तिकडे पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माणूस अधांतरी असतो. सौदीचा अकामा किंवा अमिरातीचं ओळखपत्र हातात यायला वेळ लागतो, आणि कायमचा नंबर त्यावरच मिळतो. तोपर्यंत पासपोर्टवर मिळणारं पाहुण्यांचं सिम घ्यावं. विमानतळावरच मिळतं, सौदीत त्यासाठी बोटाचा ठसाही देतात. ठशाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या ठशावर दुसऱ्याला सिम काढून देऊ नये, रूममधला कितीही गोड बोलणारा साथी असला तरी. त्या सिमवरून काही काळंबेरं झालं तर पोलीस ठसेवाल्याकडेच येतात.

तिथला नंबर मिळाला की तोही इथल्यासारखीच किल्ली होतो. सौदीच्या ‘अबशर’वर सरकारी कामं असोत की अमिरातीचा ‘यूएई पास’, सगळं त्या नंबरवर चालतं. म्हणून सुट्टीवर गावी येताना तिकडचं सिम काढून टाकू नये. इथे बसून तिकडचं एखादं काम करायचं तर तोच नंबर लागतो.

आता लॅपटॉप प्रत्यक्ष जोडण्याविषयी. यात फारसं कठीण काही नाही. मॉल, विमानतळ, हॉटेल इथलं फुकट वायफाय लागतं, पण पान उघडत नाही अशी तक्रार येते. तिथे आधी एक नोंदणीचं पान भरावं लागतं आणि लॅपटॉपला ते सापडत नसतं. अशा वेळी ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हा पत्ता इंग्रजीत टाकून पाहावा. हे पान मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या पद्धतीचं ठेवलेलं आहे, त्यामुळे नोंदणीचं पान आपोआप पुढे येतं. मात्र तिथे मेल वाचावा, नकाशा पाहावा, बँकेचं काम करू नये. हॉटेलच्या नावाशी मिळतंजुळतं नाव देऊन कुणीही खोटं वायफाय उभं करू शकतं. बँकेसाठी आपल्याच फोनचा हॉटस्पॉट लावावा. हॉटस्पॉट लावताना विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावं, म्हणजे लॅपटॉप मोठाले अपडेट परस्पर उतरवत बसत नाही. महिन्याच्या पॅकमधले पाच जीबी एका रात्रीत गेले, अशी ओरड करणाऱ्यांचा डेटा बहुधा याच अपडेटनी खाल्लेला असतो. तासभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते दीड जीबी लागतो, हेही हिशोबात धरावं.

आखातात भिंतीतलं सॉकेट बहुतेक ब्रिटिश पद्धतीचं असतं, तीन चौकोनी पिनांचं. आपली गोल पिन त्यात जात नाही. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असेल, आणि असतंच, तर नुसती पिन बदलणारा छोटा अडॅप्टर पुरतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, बुकिंगच्या बॅगेत ती चालत नाही. उमऱ्याला जाणारे काही जण लॅपटॉप बरोबर नेतात, त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

व्हिडिओ कॉलची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे मुलं स्वतःला अडचणीत आणतात. सौदीने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. अमिरातीत अजूनही परवाना असलेल्या ॲपवरूनच असे कॉल करता येतात. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं पोहोचतं, फोटो जातात, आवाजाचे संदेश जातात, पण कॉल लागत नाही. तिथे आपल्याकडचे लोक बहुधा ‘बोटिम’ वापरतात. ऑफिसच्या बैठकांसाठी झूम, टीम्स यांना कोरोनाच्या काळात परवानगी मिळाली. ‘बोटिम’ दोन्हीकडच्या फोनवर लागतं. तेव्हा मुलगा निघण्याआधी अम्मीच्या फोनमध्ये ते घालून, एकदा या खोलीतून त्या खोलीत कॉल करून दाखवावा. ती हिरवं बटण ओळखायला शिकली की अर्धं काम झालं. तो गेल्यावर फोनवरून हे शिकवणं फार जड जातं, आणि मग ती शेजारच्या पोराच्या मिनतवाऱ्या करत बसते.

पण रूममधला कुणीतरी सांगतो, “अरे, व्हीपीएन टाक, सगळं चालतं.” व्हीपीएन म्हणजे आपण कुठून इंटरनेट वापरतोय, तो पत्ता झाकणारी सोय. कंपन्या आपल्या कामासाठी ती वापरतात. ऑफिसने लॅपटॉपमध्ये घालून दिलेलं व्हीपीएन ऑफिसच्या कामाला वापरण्यात गैर काही नाही. मात्र अमिरातीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघडकीला येऊ नये म्हणून इंटरनेटचा पत्ता बदलणाऱ्याला कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बंद ठेवलेल्या सेवा मागच्या दाराने उघडणं या कायद्याच्या कक्षेत किती येतं, यावर रूममध्ये बसून वाद घालणारे खूप भेटतात. त्यातला एकही तुमच्या वतीने दंड भरायला येणार नाही. शिवाय फुकटचं व्हीपीएन चालवणाऱ्याला तुम्ही कुठे कुठे जाता, ते सगळं दिसत असतं. ज्या देशाचं मीठ खायला गेलो तिथला कायदा आपल्याला पटो न पटो, व्हिसा त्यांनी दिलेला आहे आणि घरचं कर्ज त्या व्हिसावर उभं आहे. अम्मीला पाहायला परवानगीचं ॲप आहे, मग हा धोका कशाला?

थोडं माझ्या विषयाचं. तिकडे विकत घेतलेल्या लॅपटॉपच्या कळांवर बहुतेक इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं असतात. आपली मुलं हौसेने त्याच कळांनी उर्दूत लिहितात. दिसायला सगळं ठीक दिसतं, पण अरबीचा ‘काफ’ आणि उर्दूचा ‘काफ’, अरबीची ‘या’ आणि उर्दूची ‘ये’ कॉम्प्युटरच्या हिशोबात वेगवेगळी अक्षरं आहेत. मग उर्दू फाइलमध्ये स्वतःचंच नाव शोधलं तरी सापडत नाही, आणि ‘टे’, ‘डाल’, ‘ड़े’ तर त्या कळांवर नसतातच. विंडोजमध्ये भाषा जोडताना उर्दूचा कीबोर्ड वेगळा घ्यावा. मराठीचाही घ्यावा, घरच्यांना रोमन अक्षरांतली मराठी वाचताना फार त्रास होतो. माझ्या एका विद्यार्थ्याने कुवेतहून रोमन अक्षरांत ‘mi’ऐवजी भलतंच काहीतरी लिहिलं, असं व्हायला नको म्हणून नव्हे, तर आजीला नातवाचं पत्र स्वतः वाचता यावं म्हणून.

वेळेचा हिशोब राहिला. अमिरातीची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे असतात, सौदी, कुवेत आणि कतारची अडीच तास. आपल्या इशाच्या नमाजनंतर कॉल लावला तर सौदीतला मुलगा नुकता ड्युटीवरून सुटत असतो, बसमध्ये असतो, मागे दहा जणांचा गोंगाट असतो. त्याला तासभर द्यावा, आंघोळ होऊ द्यावी. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं, पुष्कळ कंपन्यांनीही तेच धरलं आहे. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवारची. तेव्हा मुलगा जेद्दाला असेल आणि रविवारी सकाळी चारदा लावूनही फोन उचलत नसेल, तर त्याला काही झालेलं नाही, तो लॅपटॉप उघडून कामावर बसलेला आहे.